घरच्या वेल्डिंग शेडमध्ये आग आणि ऊब: दोन्हीचं एकत्र कसं जमवायचं

थंडीत घरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात, अंगाला ऊब आणि आग लागणार नाही याची खात्री, आणि बहुतेक जण या दोन्हींचा विचार वेगवेगळा करतात. हीटर एकदा आणला, फायर एक्स्टिंग्विशर एकदा भिंतीला टांगला, झालं. पण ऊब टिकवायला आपण जे जे करतो ना, दारं-खिडक्या लावून घेणं, फटी बुजवणं, पत्र्याला आतून फोम चिकटवणं, शेगडी पेटवणं, अंगावर जाडजूड जाकीट चढवणं, त्यातलं प्रत्येक काम एकतर आगीचा धोका वाढवतं नाहीतर गुदमरण्याचा. म्हणून इथे दोन्ही एकत्र घेतलंय, आणि ज्या क्रमाने शेड लावायची त्याच क्रमाने लिहिलंय.

ठिणगी कुठे जाते ते आधी बघा

आर्कचं, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीचं, तापमान काही हजार अंश असतं ते सोडा, आपल्याला त्रास देतो तो उडालेला लोखंडाचा थेंब. तो निघतो तेव्हा साधारण १५०० अंश सेल्सिअस असतो, आणि कागद पेटायला २३० अंशांच्या आसपास पुरतात. बारीक ठिणगी हवेतच विझते पण मोठा थेंब गोल होतो, जमिनीवर घरंगळत जातो, कपाटाखाली शिरतो, भिंत आणि फरशीच्या फटीत जाऊन बसतो, आणि तिथे जर धूळ, भुसा, जाळ्या, जुना कापूस असं काही असेल तर तो लगेच भडकत नाही, धुमसायला लागतो. धुमसणं तासन् तास चालू शकतं. म्हणजे तुम्ही मशीन बंद करून, जेवून झोपायला गेलात की मग शेडमध्ये भडका होतो. वेल्डिंगच्या आगीत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे असं माझं ठाम मत आहे, काम चालू असताना लागलेली आग माणूस विझवतो तरी.

हॉट वर्कसाठीचं, म्हणजे वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामांसाठीचं, अमेरिकेचं एनएफपीए ५१बी हे अग्निसुरक्षेचं स्टँडर्ड सांगतं की कामाच्या जागेपासून ३५ फूट, म्हणजे साधारण ११ मीटर, पेटणारी वस्तू नको, असेल तर झाकलेली हवी. आता घरच्या शेडची लांबी-रुंदी बघा. ११ मीटर म्हणजे अख्खी शेड आणि वर दाराबाहेरची जागा पण. त्यामुळे "वेल्डिंग टेबलपासून जरा लांब ठेवलंय" याला काही अर्थ नाही. आत काय राहू द्यायचं आणि काय कायमचं बाहेर काढायचं, एवढंच ठरवायचं असतं.

पहिलं काम: शेड रिकामी करा

पेट्रोल, थिनर, स्प्रे पेंटचे डबे, अ‍ॅसिटोन, चेनचं क्लीनर, हे सगळं दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर पत्र्याच्या कपाटात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या थंडीतही पेटू शकते, त्यामुळे "थंडी आहे, वाफ होत नाही" हा समज डोक्यातून काढून टाका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या हीटरपर्यंत सरपटत जाऊन तिथून पेट घेत परत येते. शेडमध्ये मोटरसायकल किंवा गवत कापायचं मशीन ठेवत असाल तर वेल्डिंगच्या आधी ते बाहेर ढकला, टाकी अर्धी असली तरी आणि रिकामी असली तरी. रिकामी टाकी जास्त वाईट, कारण आत द्रव नसतो पण वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. याच कारणाने जुना ड्रम, डबा, इंधनाची टाकी यांना आर्क लावायचा नाही. धुऊन, पाणी भरून हे काम करणारे लोक असतात पण ते त्यातले जाणकार असतात, घरी शिकायचं काम नाही हे.

तेलकट चिंध्यांचं वेगळं सांगतो. जवसाचं तेल किंवा तशा सुकणाऱ्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि पेटतात, ठिणगीची गरजच नाही. अशा चिंध्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा, किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून पूर्ण सुकू द्या.

एकाच जागेत सुतारकाम आणि वेल्डिंग करत असाल, आणि घरी बऱ्याच जणांना हे करावंच लागतं, तर दोन्ही एकाच दिवशी करू नका. आज रंधा मारला तर आजच झाडून, वरच्या तुळया-फळ्यांवरचा भुसा पण काढून, वेल्डिंग दुसऱ्या दिवशी. आणि व्हॅक्युम क्लीनर दोन्हीला एक वापरू नका! ग्राइंडरची गरम ठिणगी आत खेचली गेली की भुशाच्या पिशवीत तिला हवा पण मिळते आणि खाद्य पण. अ‍ॅल्युमिनियम घासता का? मग तर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि गंजलेल्या लोखंडाची भुकटी एकत्र साठू द्यायचीच नाही, हे दोन मिळून थर्माइटचं मिश्रण होतं आणि ते एकदा पेटलं की पाण्याने विझत नाही, उलट बिघडतं.

जमीन सिमेंटची असली तर उत्तम. पण गॅस कटर किंवा टॉर्च सरळ काँक्रीटवर मारू नका, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन काँक्रीटचे टवके जोरात उडतात. खाली विटांवर लोखंडी प्लेट ठेवून त्यावर काम करा. लाकडी जमीन असेल तर सिमेंट बोर्ड टाकून वर पत्रा, आणि पत्र्याच्या कडा नीट दाबून, नाहीतर थेंब खाली घरंगळत जातोच.

जे हलवता येत नाही ते झाका. ताडपत्री चालणार नाही, ती प्लास्टिकची असते आणि स्वतःच पेटते. वेल्डिंग ब्लँकेट म्हणून मिळतं ते घ्या. फायबरग्लासचं साधं ब्लँकेट साधारण ५५० अंशांपर्यंत टिकतं, उभ्या झोतापासून आडोसा करायला ठीक आहे. वरून थेंब आणि स्लॅग (वेल्डवरची तापलेली खपली) पडणार असेल तर सिलिका कापडाचं लागतं, ते हजार अंशांच्या आसपास सहन करतं. आडवं पसरताना खोलगट भाग राहू देऊ नका, गरम स्लॅग तिथे साचतो आणि कापड जाळून खाली जातो.

भिंती आणि छत: फोमची चूक महागात पडते

पत्र्याची शेड थंडीत बर्फासारखी होते आणि मग माणूस पहिली गोष्ट आणतो ती म्हणजे थर्माकोलच्या शीट नाहीतर स्प्रेवाला पीयू फोम. हलका, स्वस्त, कापायला सोपा, आणि ऊब खरंच राहते. पण वेल्डिंगच्या शेडमध्ये उघडा फोम म्हणजे भिंतीलाच इंधन लावून ठेवल्यासारखं आहे. थर्माकोल वितळून पेटते थेंब खाली टपकतात, पीयू फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असतो आणि तो धूर ज्वाळेच्या आधी माणसाला पाडतो. आग विझवायला मिळणारी मिनिटं यात राहतच नाहीत.

इथे रॉकवूल लावायचं. दगडी लोकर पेटत नाही, हजार अंशांच्या आसपासही टिकते, आणि वरून सिमेंट बोर्ड किंवा पत्रा मारला की ठिणगी आत जायची वाटच बंद. फोम आधीच लावून झाला असेल आणि काढणं शक्य नसेल तर निदान वेल्डिंगच्या बाजूची पूर्ण भिंत आणि वरचं छत सिमेंट बोर्डने झाका, फटी फायर सीलंटने बुजवा, आणि वायर जिथून आत जाते ती भोकं विसरू नका. फटी बुजवायला चिंध्या, कागद, साधा फोम कोंबलेला असतो तो पण काढा.

आणखी एक गोष्ट जी दिसत नाही. भिंतीला किंवा पत्र्याला लागून असलेल्या अँगलवर वेल्ड केलं तर उष्णता धातूतून पलीकडे जाते. पलीकडच्या बाजूला लाकडी पट्टी, केबल, पुठ्ठा असेल तर ते तुम्हाला न दिसता तापत राहतं. भिंतीशी जोडलेल्या कशावरही वेल्ड करायच्या आधी पलीकडे जाऊन बघून या.

हीटर कुठला

आधी हिशोब समजून घेऊ, त्याने निम्मा गोंधळ जातो. धूर काढायला एक्झॉस्ट फॅन लागतोच, आणि फॅन धुरासोबत गरम हवा पण बाहेर फेकतो. समजा फॅन ताशी ५०० घनमीटर हवा काढतो, बाहेर ५ अंश आहेत आणि आत तुम्हाला २० हवेत. १५ अंशांच्या फरकाने एवढी हवा तापवायला जवळजवळ अडीच किलोवॅट लागतात, भिंतीतून जाणारी उष्णता वेगळीच. म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर फॅन चालू असताना हरणारच. मग माणूस काय करतो, फॅन बंद करतो. तिथेच सगळं चुकतं, कारण मग वेल्डिंगचा धूर, आर्गॉन (वेल्डला हवा लागू नये म्हणून सोडतात तो वायू), हीटरचा गॅस सगळं आतच.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: हवा तापवत बसू नका, माणूस आणि टेबल तापवा. भिंतीवर उंच लावलेला इन्फ्रारेड पॅनल, लाल न होणारा, अंगावर आणि कामावर सरळ उष्णता टाकतो, हवा बाहेर गेली तरी फारसं बिघडत नाही. त्याच्यापासून पेटणारी वस्तू निदान एक मीटर लांब हवी, आणि कंपनीने जास्त सांगितलं असेल तर तेवढं. लाल होणाऱ्या रॉडचे हॅलोजन-क्वार्ट्झ हीटर ऊब छान देतात पण थिनरची वाफ आली तर तेच तिला पेटवतात, आणि जमिनीवर ठेवले तर अजूनच वाईट.

तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर हा दुसरा चांगला पर्याय, उघडं तापलेलं काही नाही, हवा फेकत नाही. काम सुरू करायच्या एक-दीड तास आधी लावा, शेड, टेबल, लोखंड सगळं थोडं कोमट होऊ द्या, आणि वेल्डिंग करताना बंद करा. यात विजेचंही सोपं होतं, २ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतो आणि वेल्डिंग मशीन त्याच लाइनवर असेल तर दोन्ही एकावेळी चालवणं बरं नाही. रेडिएटरवर ओले हातमोजे वाळत घालू नका, हे सांगावं लागतं कारण सगळे घालतात.

फॅन हीटर, म्हणजे ब्लोअर, मला वेल्डिंग शेडमध्ये नकोसा वाटतो. ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी तो आत ओढतो, ती कॉइलवर आणि कनेक्शनवर बसते, वीज वाहून नेते, शॉर्ट होतो. शिवाय मिग-टिग प्रकारच्या वेल्डिंगमध्ये वेल्डवर सोडलेली गॅस उडवून लावतो आणि वेल्डला भोकं पडतात. उष्णता देणारा स्प्लिट एसी चालतो, पण जाळी दर आठवड्याला साफ करायची तयारी हवी आणि ग्राइंडिंगच्या झोतासमोर तो नको.

आता जळणाचे हीटर. शेडच्या आत उघडी गॅस शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, कोळशाची शेगडी: नको. एक किलो एलपीजी जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. ते पाणी थंड लोखंडावर, टेबलावर, मशीनच्या आत बसतं, सकाळी सगळं गंजलेलं दिसतं आणि लो हायड्रोजन रॉड, म्हणजे कोरडेच ठेवावे लागणारे वेल्डिंगचे रॉड, ओलावा ओढून खराब होतात. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो ते वेगळंच. सिलिंडर आत ठेवावा लागतो हे तिसरं, एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खड्ड्यात आणि गटारात साठतो, आणि हवेत जेमतेम दोन टक्के झाला की पेटायला तयार.

डिझेल हीटर, गाड्यांमध्ये लावतात तो, नीट बसवला तर चालतो कारण त्याचं ज्वलन बंद डब्यात होतं. पण जळायची हवा बाहेरून घ्या, धुराचा पाइप बाहेर सोडा, पाइप भिंतीतून जातो तिथे धातूची बाही आणि न पेटणारं पॅकिंग घाला, टाकी शेडबाहेर ठेवा. बंद करताना बटणाने बंद करा आणि आतला फॅन थांबेपर्यंत बॅटरी काढू नका, नाहीतर बर्नर गरमच राहतो आणि खराब होतो.

लाकडाचा स्टोव्ह खूप जणांना हवा असतो, फुकट लाकूड मिळतं म्हणून. रंग, थिनर, पेट्रोल जिथे कधीही येतं अशा शेडमध्ये मी तो लावणार नाही. ज्यांनी लावलाच आहे त्यांनी लाकडाचा ढीग बाहेर ठेवा, त्यात भंगारातलं रंगवलेलं किंवा केमिकल मारलेलं लाकूड टाकू नका, आणि राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा बाहेर सिमेंटवर ठेवा, कारण राखेतला निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो.

फॅन आणि चिमणी एकमेकांविरुद्ध जातात

हा मुद्दा फार कमी लोकांच्या लक्षात येतो आणि यात जीव जातो. दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन जोरात, आत स्टोव्ह किंवा चिमणीवाला हीटर. फॅन हवा बाहेर ओढतो, आत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत येते. सगळ्यात मोकळी वाट कुठली? चिमणी. म्हणजे वर जायचा धूर उलटा फिरून आत येतो, सोबत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि वेल्डर म्हणतो आज धूर जास्त झाला. तुमचा फिल्टरवाला वेल्डिंग मास्क कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडवत नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

उपाय म्हणजे फॅन जेवढी हवा काढतो तेवढी आत यायला ठरलेली वाट ठेवणं. फॅनच्या समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, जाळी लावलेला झरोका. हवा तुमच्या पाठीमागून यावी, कामावरून जाऊन फॅनकडे जावी, तोंडावरून नाही. शक्य असेल तर मोठ्या फॅनऐवजी लवचिक पाइपचं छोटं सक्शन कामाच्या वीतभर जवळ आणा, धूर तिथेच पकडला की कमी हवेत काम होतं, आणि ऊबही कमी जाते. थंडीच्या शेडसाठी पैसे कुठे घालावेत असं विचारलं तर हीटरच्या आधी मी यात घालीन. फक्त त्या पाइपमध्ये ग्राइंडिंगची ठिणगी सरळ जाऊ देऊ नका.

तपासायचं कसं? दारं-खिडक्या बंद करून फॅन लावा, आणि स्टोव्ह थंड असताना त्याच्या दाराशी उदबत्ती धरा. धूर बाहेर तुमच्याकडे ढकलला जात असेल तर झरोका मोठा करा, तोपर्यंत स्टोव्ह पेटवू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, जळणाचा हीटर असेल तर तो लावल्याशिवाय काम सुरूच करू नका. हा वायू हवेइतकाच जड आहे, त्यामुळे नाकाच्या उंचीला लावा, अगदी छताला किंवा जमिनीला नाही. शेडमध्ये धुराचा अलार्म सारखा वाजत राहील आणि तुम्ही वैतागून काढून टाकाल, म्हणून तिथे उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावा, साधारण ५७-५८ अंशांना वाजणारा, आणि तो घरातल्या अलार्मला जोडलेला हवा. रात्री शेडमधला आवाज घरात ऐकू येणार नसेल तर तो अलार्म कुणासाठी?

ब्रेक क्लीनरबद्दल थांबून वाचा. काही क्लीनरमध्ये क्लोरीनवाली सॉल्व्हंट असतात, डब्यावर टेट्राक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन, मेथिलीन क्लोराइड अशी नावं दिसतात. त्याने पुसलेल्या, न वाळलेल्या धातूवर आर्क लावला तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. थोड्या वासानेही फुप्फुसं खराब होतात आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस ठणठणीत वाटतो. त्याची वाफ तापलेल्या हीटरवर गेली तरी विषारी वायू होतात. वेल्डिंगच्या शेडमध्ये ही क्लीनर नकोतच. धातू साबण-पाण्याने धुऊन वाळवा, किंवा अ‍ॅसिटोनने पुसायचा तर ते दुसऱ्या जागी, हीटर आणि ठिणगीपासून लांब, आणि पूर्ण वाळल्यावरच काम.

सिलिंडर

आर्गॉन पेटत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. पण १० घनमीटरचा सिलिंडर रात्रभर गळला आणि तुमची खोली ३ बाय ४ मीटरची असेल, अडीच मीटर उंच, म्हणजे ३० घनमीटर, तर हिशोब करा. आर्गॉन जड आहे, खाली साठतो, वाकून काम करणारा माणूस काही न कळता बेशुद्ध पडतो. काम संपलं की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, फक्त रेग्युलेटर नाही.

अ‍ॅसिटिलीन आणि ऑक्सिजन असतील तर: दोन्ही उभे, साखळीने बांधलेले, साठवणीतले एकमेकांपासून ६ मीटर लांब किंवा मध्ये दीड मीटर उंच न पेटणारी भिंत. अ‍ॅसिटिलीन आडवा पडला असेल तर उभा करून बराच वेळ थांबा, आत अ‍ॅसिटोन असतं ते खाली बसू द्या. वापरताना अ‍ॅसिटिलीनचं प्रेशर १५ पीएसआयच्या (दाबाचं माप) वर न्यायचं नाही, त्याच्यावर हा वायू स्वतःच फुटू शकतो. दोन्ही लाइनला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्वाळा उलटी पाइपमध्ये शिरली तर अडवणारा भाग. ऑक्सिजनच्या कुठल्याही भागाला तेल-ग्रीस लावू नका आणि ऑक्सिजनने कपड्यावरची धूळ उडवू नका, कापडात ऑक्सिजन मुरला की एक ठिणगी पुरते.

गळती साबणाच्या पाण्याने बघा, काडी पेटवून नाही. थंडीत सीओटूच्या रेग्युलेटरवर बर्फ येतो, त्याला टॉर्च दाखवू नका, त्यासाठी रेग्युलेटरचा इलेक्ट्रिक हीटर मिळतो, नाहीतर कोमट पाण्याचं फडकं. आणि कुठलाही सिलिंडर खोलीच्या हीटरसमोर ठेवू नका.

वीज थोडक्यात

वेल्डिंग मशीनला स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त करंट झाला की बंद होणारा स्विच), आणि शेडला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). एक्स्टेंशन वापरायचीच तर पूर्ण उलगडून, गुंडाळलेली केबल आतून तापते आणि वितळते. मशीनवर ६० टक्के ड्युटी सायकल लिहिलंय म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम, तेही त्याच्यासमोर लिहिलेल्या करंटला. अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ, घासून साफ केलेल्या जागेवर लावा. शेडच्या खांबाला किंवा पाण्याच्या पाइपला लावला तर करंट दुसऱ्याच वाटेने जातो, कधी हीटरच्या नाहीतर ग्राइंडरच्या अर्थ वायरमधून, आणि ती वायर भिंतीच्या आत जळते.

अंगावर काय

थंडीत हा भाग खूप महत्त्वाचा. नायलॉनचं फुगीर जाकीट, पॉलिएस्टरचा स्वेटर, थर्मलचे सिंथेटिक कपडे, हे पेटतात आणि वितळून कातडीला चिकटतात. ऊब हवी तर आतून सुती, वरून शुद्ध लोकरीचा स्वेटर, लोकर सहज पेट घेत नाही, आणि सगळ्यात वर चामड्याचं जाकीट किंवा अ‍ॅप्रन. पँटची घडी वळलेली नको, वरचे खिसे बंद, खिशात लायटर नको. मफलर लोंबता नको.

काम चालू असताना

हेल्मेट खाली घेतलं की तुम्हाला आर्क सोडून काहीच दिसत नाही, पाठीमागे पेटलं तरी. म्हणून एकट्याने करत असाल तर एक रॉड संपला की हेल्मेट वर, मान वळवून चारही बाजू आणि टेबलाखाली बघायचं, मग दुसरा रॉड. रॉडचे उरलेले तुकडे जमिनीवर टाकू नका, वाळूच्या डब्यात टाका. मदतीला कोणी असेल तर त्याने फक्त बघत उभं राहावं, हातात एक्स्टिंग्विशर, दुसरं काम नाही.

थंड लोखंडाचं पण बघा. स्ट्रक्चरल वेल्डिंगच्या एडब्ल्यूएस डी१.१ या अमेरिकी कोडमध्ये असं आहे की धातू शून्य अंशाच्या खाली असेल तर आधी निदान २० अंशांपर्यंत तापवायचा. टॉर्च फिरवताना सुरुवातीला धातूवर पाणी दिसतं, ते लोखंडातून निघत नसतं, ज्वाळेत तयार झालेली वाफ थंड धातूवर बसते. ते उडून जाईपर्यंत तापवा. टॉर्च पेटती ठेवून खाली ठेवायची नाही, अगदी मिनिटभरसुद्धा नाही.

काम संपल्यावरचा एक तास

एनएफपीए ५१बी च्या २०१९ च्या आवृत्तीत काम संपल्यावर लक्ष ठेवायची वेळ अर्ध्या तासावरून एक तास केली गेली. ही वेळ शेडमध्येच घालवा, हत्यारं लावा, झाडून घ्या, उद्याचं मोजमाप घ्या. वेल्डिंग आटोपलं की हीटर आणि सगळी वीज बंद, पंखा थोडा वेळ चालू ठेवून मग तोही बंद, आवाज थांबला की वास आणि तडतड कळते. टेबलाखाली, कोपऱ्यात, कपाटामागे हात धरून ऊब लागते का बघा. लाकूड किंवा भुसा कुठेही असेल तर पाणी शिंपडा, वीज बंद केल्यावरच. आणि घरात गेल्यावर आणखी दोन-तीन तासांत एकदा परत येऊन जा, म्हणून वेल्डिंग झोपायच्या तोंडावर संपेल असं लावू नका, संध्याकाळीच उरका. रॉड वाळवायचा ओव्हन किंवा त्यासाठी बल्ब लावून केलेला घरगुती डबा, हे रात्रभर चालू ठेवायचं नाही.

आग लागलीच तर

एक्स्टिंग्विशर दाराजवळ, टेबलाजवळ नाही, कारण आग टेबलाजवळ लागते आणि तुम्हाला दाराकडे जाऊन परत यायचा निर्णय घेता यायला हवा. एबीसी पावडरचा निदान ४ किलोचा घ्या, २ किलोचा दहा सेकंदांच्या आसपास संपतो. पावडर इलेक्ट्रॉनिक्स खराब करते म्हणून मशीनसाठी वेगळा सीओटू ठेवला तर चांगलं, फक्त छोट्या बंद खोलीत तो मारल्यावर लगेच बाहेर या. सीओटू थंड करत नाही, त्यामुळे धुमसणाऱ्या लाकडावर, कापडावर तो काही कामाचा नाही, तिथे पाणी, भरलेली बादली नेहमी हवी. मॅग्नेशियम पेटलं तर पाणीही नाही आणि सीओटूही नाही, त्याला धातूच्या आगीसाठीची क्लास डी पावडर किंवा पूर्ण कोरडी वाळू.

क्रम असा: ओरडून घरच्यांना सांगा, मेन स्विच बंद, पाठ दाराकडे ठेवून पिन काढा, आगीच्या बुडाशी नोजल, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. एक एक्स्टिंग्विशर संपेपर्यंत विझली नाही, किंवा धूर छताला साठून खाली उतरायला लागला, की बाहेर, दार ओढून घ्या, फायर ब्रिगेडला फोन करा आणि शेडमध्ये कुठले सिलिंडर कुठे आहेत ते सांगा. सामान काढायला परत आत जायचं नाही. विझली असं वाटलं तरी फोन कराच आणि जागा सोडू नका.

कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा, किंवा दुसऱ्याने ब्लँकेट गुंडाळावं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी, बर्फ नाही, तेल नाही, टूथपेस्ट नाही. अंगठी, घड्याळ सूज यायच्या आधी काढा, चिकटलेलं कापड ओढू नका, आणि तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील, किंवा धूर छातीत गेला असेल, तर बरं वाटत असलं तरी सरळ हॉस्पिटल गाठा.